बद्द वाजलेली ताटली

दीड वर्ष मी त्या म्युझियमच्या दारात बसून काढलं. बर्मिंगहॅमच्या एका उपनगरात, कुणा जुन्या कारखानदाराच्या बंगल्यात थाटलेलं ते छोटंसं म्युझियम. मी तिथली व्हॉलंटिअर, म्हणजे बिनपगारी. आठवड्यातून दोन दिवस काउंटरवर बसायचं, येणाऱ्याच्या हातात नकाशा द्यायचा, टॉयलेट कुठे आहे ते सांगायचं आणि बाहेर कितीही पाऊस कोसळत असला तरी हसून स्वागत करायचं. नागपुरात बारा वर्षं कॉलेजात केमिस्ट्री शिकवलेली बाई इथे टॉयलेटचा रस्ता दाखवते आहे, ह्याची मला अधूनमधून भयंकर चीड यायची. पण नवरा रेल्वेच्या प्रोजेक्टवर इंजिनिअर म्हणून आला, त्याच्या व्हिसाला धरून मी आणि आठ वर्षांची मुलगी आलो, आणि माझ्या डिग्रीला इथे कुणी विचारेना. घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा हे बरं, म्हणून मी जात होते.

मला खरं हवं होतं ते तळघर. तिथे लोखंडी मांडण्यांवर म्युझियमच्या साऱ्या वस्तू ठेवलेल्या असत. सोमवारी म्युझियम बंद असे, तेव्हा क्युरेटर आणि चार-पाच निवडक व्हॉलंटिअर एका मोठ्या टेबलाभोवती बसून त्या पुसायचे, तपासायचे, नोंदवायचे. ह्या लोकांना वस्तूंना हात लावायची परवानगी होती. त्यांच्या नावांची यादी स्टाफरूमच्या फळ्यावर टाचलेली होती आणि चहा करताना ती दर वेळी माझ्या नजरेसमोर यायची. त्या यादीत माझं नाव यावं, एवढीच माझी इच्छा. ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण सात-आठ वर्षांत ह्या देशानं मला पुष्कळ गोष्टी काचेतून दाखवल्या होत्या. त्यातली एखादी तरी विश्वासानं माझ्या हातात द्यावी, असं मला फार वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात तो योग आला. जुन्या काळच्या जेवणाच्या टेबलावर एक प्रदर्शन भरवायचं ठरलं होतं आणि नेमके यादीतले दोन जण गळाले. एकीचा गुडघा बदलायचा होता, दुसरा मुलीजवळ राहायला स्कॉटलंडला गेला. क्युरेटर काउंटरपाशी आली आणि म्हणाली, ‘‘सोमवारी तळघरात मदतीला याल का?’’ ती चाळिशीतली, उंच, हळू आवाजात बोलणारी बाई. तिचा अभ्यास लेसचा आणि जुन्या कापडांचा. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असल्यामुळे ती मला ‘तुम्ही’च म्हणते आहे, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. मी ‘याल का’ला ‘बघते’ म्हणावं असं मनात होतं, पण तोंडातून ‘किती वाजता?’ निघालं.

घरी सांगितलं, तर नवऱ्यानं विचारलं, ‘‘कसली भांडी आहेत?’’

‘‘सॉल्ट-ग्लेझ्ड स्टोनवेअर,’’ मी ऐटीत सांगितलं.

तो हसतच सुटला. ‘‘अगं, ते तर गटाराचे पाइप! साइटवर आम्ही ट्रकनं मागवायचो. दीड वर्ष तपश्चर्या केलीस आणि तुला शेवटी ड्रेनेजवर पाठवलं?’’

मी त्याला त्या दिवशी पोळ्या स्वतः लाटायला लावल्या. पण तो चुकीचं बोलत नव्हता. मलाही सॉल्ट-ग्लेझ म्हटलं की तपकिरी, जाडजूड पाइपच आठवत होते. इंग्रज माणसं त्यात जेवायची कशी, हा प्रश्न घेऊनच मी सोमवारी तळघराच्या पायऱ्या उतरले.

आधी हात लावण्याचे नियम सांगण्यात आले. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढायच्या. हाताला क्रीम नको. भांड्यांसाठी हातमोजे नकोत, कारण त्यात हात सटकतो. स्वच्छ धुतलेले उघडे हातच बरे. वस्तू दोन्ही हातांनी उचलायची, तीही टेबलाच्या वर, फेल्टच्या गादीवर. माझ्या दोन बांगड्या लग्नापासूनच्या, निघता निघेनात. साबण लावून लावून मनगट लाल झालं तेव्हा निघाल्या. यादीतले सगळ्यात ज्येष्ठ व्हॉलंटिअर, पंच्याहत्तरीच्या पुढचे एक निवृत्त इंजिनिअर, हे सगळं चष्म्यावरून पाहत होते. त्यांना मी मनात आजोबा म्हणत असे. ते कामाला चोख आणि बोलायला कंजूष. मी आल्याचा त्यांना फारसा आनंद झालेला दिसला नाही.

मग क्युरेटरनं पेटी उघडली आणि मी गटाराचे पाइप विसरले. आत बारा ताटल्या होत्या, अडीचशे वर्षांहून जुन्या, स्टॅफर्डशरच्या. बर्मिंगहॅमहून ट्रेननं तासाभरावर ती गावं आहेत. रंग पांढरा, पण पुठ्ठ्यासारखा कोरडा पांढरा नव्हे, सायीकडे झुकणारा. काठावर उठावाची नक्षी, कुठे टोपलीचं विणकाम, कुठे जाळी, जाळीच्या घरात बारीक चांदणी. रंगाचा एक ठिपका नाही. नक्षी इतकी टोकदार, की आत्ताच साच्यातून काढली असावी. मी बोट टेकवलं, तर पृष्ठभाग गुळगुळीत नव्हता. बारीक बारीक खड्डे लागत होते.

‘‘ह्याला आम्ही संत्र्याची साल म्हणतो,’’ क्युरेटर म्हणाली.

नागपूरच्या बाईला ही माहिती! मी म्हटलं, मला डोळे बांधून हातात दिलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं.

त्यामागची केमिस्ट्री तिनं वाचून दाखवली, तेव्हा माझ्यातली मास्तरीण जागी झाली आणि पुढचं मीच सांगून टाकलं. भट्टी ऐन तापली की वरच्या भोकांतून आत मीठ टाकायचं. साधं मीठ. त्याची वाफ होते, त्यातलं सोडियम मातीतल्या सिलिकाला जाऊन चिकटतं आणि भांड्यावर काचेचा पातळ पापुद्रा चढतो. झिलई वरून ओतलेली नसते, वाफेतून बसलेली असते, म्हणून नक्षीच्या खाचा बुजत नाहीत. सगळे ऐकत राहिले. आजोबासुद्धा. दीड वर्षात पहिल्यांदा मी त्या इमारतीत टॉयलेटखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलले होते.

आणि मग मी घोळ घातला.

त्या घोळाचं मूळ नागपूरच्या इतवारीत आहे. तिथे माझ्या वडिलांचं कपबशांचं आणि बरण्यांचं दुकान होतं. माल लाकडी पेट्यांतून, पेंढ्यात गुंडाळून यायचा. शाळेतून आलं की मी आणि भाऊ खाली बसायचो आणि एकेक कप त्याच्या कानात बोट अडकवून उचलायचा, दुसऱ्या हाताच्या बोटाचं पेर हलकंसं आपटायचं आणि ऐकायचं. खणखणीत वाजला की उजवीकडे. बद्द वाजला की डावीकडे, त्याला केसाएवढी चीर असणार, मग ती डोळ्याला दिसो न दिसो. तिसरा ढीग वडिलांच्या स्वतःच्या शब्दाचा होता, ‘सावत्र’. म्हणजे कप धडधाकट, पण त्या घाण्यातला नाही. दुसऱ्याच भट्टीचा कुणीतरी जोडी पुरी करायला घुसडलेला. ‘‘डोये मीट अन् कानानं पाह्य,’’ वडील म्हणायचे. अशा किती हजार कपांना मी टिचक्या मारल्या असतील ते देव जाणे. पुढे मैत्रिणींना ह्यातलं काही कळू नये म्हणून मी दुकानात बसणं सोडलं, केमिस्ट्री केली, मास्तरीण झाले. पण आजही मी माठ, कुंडी, चहाचा मग काहीही न वाजवता विकत घेत नाही. सुपरमार्केटमध्ये मुलगी लांब जाऊन उभी राहते.

तर सातवी की आठवी ताटली माझ्या हातात आली. मी ती पुसली, पालथी केली, परत सुलटी केली, तीन बोटांच्या टोकांवर तोलली आणि काय करते आहे हे मला कळायच्या आत उजव्या हाताच्या पेरानं तिच्या काठाला ठोकलं.

तळघरभर ऐकू गेलं. पेन्सिलीचा आवाज थांबला. कुणीतरी श्वास आत ओढला.

मी मात्र त्या आवाजातच अडकले होते. ‘‘बद्द!’’ माझ्या तोंडून निघून गेलं.

‘‘बॅड?’’ क्युरेटर म्हणाली. ‘‘काय बॅड आहे?’’

‘‘बॅड नाही. बद्द.’’

‘‘बॅड.’’

‘‘ब-द्-द,’’ मी फोड करून सांगितलं, आणि त्यानं परिस्थिती आणखीच बिघडली. एका नवख्या बाईनं अडीचशे वर्षांच्या ताटलीवर हात उगारला होता आणि वर ती ताटली वाईट आहे असं ती तीन-तीनदा सांगत होती. मी समजावू लागले की हिला तडा आहे, आवाज मेलेला आहे, तुम्ही दुसरी वाजवून बघा. ‘दुसरी वाजवून बघा’ म्हणत मी दुसरीकडे हात नेला, तेव्हा आजोबांनी ती ताटली माझ्यापुढून सरळ उचलून घेतली.

क्युरेटरनं फाइल काढली. फार वर्षांपूर्वी कुणा तज्ज्ञानं केलेली तपासणी तीत होती: बाराच्या बारा ताटल्या निर्दोष, कुठेही तडा किंवा दुरुस्ती नाही. तिनं तो कागद माझ्याकडे वळवला. मग त्याच हळू आवाजात म्हणाली, की सध्यापुरतं मी पुन्हा समोरच्या काउंटरवर बसले तर सगळ्यांनाच सोयीचं होईल. इंग्रज माणूस ‘सध्यापुरतं’ म्हणतो तेव्हा त्याला शेवट नसतो. मी बांगड्या खिशात टाकल्या आणि वर आले. यादीत माझं नाव पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. दुपारी चहा करताना पाहिलं, तर खोडलेलं होतं.

घरी आले आणि रडले. रागानं रडले. मुलगी आता सोळा वर्षांची आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. ‘‘आई! तू म्युझियमचा प्लेट वाजवला? लाइक, सिरीयसली? माझा इज्जत गेला. तिकडे माझी फ्रेंडची मम येते विझिट करायला.’’

‘‘वाजवली. आणि माझी इज्जत, माझा नाही,’’ मी म्हटलं. दुःखातसुद्धा मला तिचं व्याकरण सोसत नाही.

‘‘व्हॉटेव्हर. पण क्रॅक आहे का रिअली?’’

‘‘आहे.’’

‘‘मग तू राइट आहे ना. मग का रडते?’’

दुसऱ्या दिवशी वडिलांना फोन लावला. दुकान कधीच विकलं, वडील ऐंशीच्या पुढे गेले. मी सगळं सांगितलं. त्यांनी मी काम गमावलं ह्याबद्दल चकार शब्द काढला नाही. विचारलं, ‘‘एकाच जागी वाजवली का सगयीकडून?’’

‘‘एकाच जागी, बाबा. दुसरी टिचकी मारूच दिली नाही.’’

‘‘बद्द म्हंजे किती बद्द?’’

‘‘पार लाकडासारखी.’’

‘‘मंग आरपार असन. सांगतलं का त्यायले?’’

‘‘सांगितलं. ऐकत नाहीत.’’

‘‘मंग अजून सांग,’’ वडील म्हणाले आणि त्यांच्या लेखी विषय संपला.

पण माझ्या लेखी नव्हता, कारण त्या ताटल्यांचं पुढे काय होणार आहे हे मला माहीत होतं. येत्या सोमवारी त्या प्रवेशाच्या हॉलमध्ये, भिंतीवर टांगल्या जाणार होत्या. आजोबांनी त्यासाठी स्प्रिंगच्या तारेचे चाप स्वतः बनवले होते. चाप ताटलीला दोन बाजूंनी आवळून धरतो. धडधाकट ताटलीला त्याचं काही वाटणार नाही. आरपार तडा असलेलीला तो रोज थोडा थोडा उघडणार, आणि एक दिवस ती दोन तुकडे होऊन फरशीवर येणार. आणि तेव्हा कुणीतरी नक्की म्हणणार, की त्या इंडियन बाईनं ठोकली होती ना, तीच. हे वाक्य मला आत्ताच ऐकू येऊ लागलं होतं. एकदा ते खरंच उच्चारलं गेलं की फळ्यावरच्या त्या यादीत माझं नाव जन्मात लागणार नव्हतं.

गुरुवारी आजोबा चहा घ्यायला स्टाफरूममध्ये आले तेव्हा मी त्यांची वाट अडवली. अक्षरशः दारात उभी राहिले. म्हटलं, ‘‘तुमचे चाप चांगले आहेत. म्हणूनच ती ताटली फुटेल.’’

त्यांनी कप खाली ठेवला. मी दुकानाचं सांगितलं. पेट्या, पेंढा, तीन ढीग, बद्द आणि खणखणीत. जे मी नागपुरात मैत्रिणींपासून लपवलं, ते बर्मिंगहॅमच्या एका परक्या म्हाताऱ्याला उभ्या उभ्या सांगून टाकलं. मला वाटलं, आता म्हणतील की बाई, बाजूला व्हा.

‘‘माझे वडील रेल्वेत होते,’’ ते म्हणाले. ‘‘हातोडा घेऊन गाडीच्या बाजूनं चालायचे. प्रत्येक चाकावर एक ठोका. चाक गात असलं तर गाडी सुटायची. गात नसलं तर त्यांचा एक हात वर जायचा आणि अख्खी गाडी थांबायची.’’ मग ते कपाकडे पाहत म्हणाले, ‘‘तुम्ही ठोकलीत तेव्हा मलाही ऐकू आलं होतं. मी स्वतःला सांगितलं, की वयामुळे कान गेले.’’

मला त्यांचा राग यायला हवा होता. तीन दिवस गप्प बसून राहिले होते! रागही आला. पण ते चहा तसाच टाकून क्युरेटरच्या खोलीकडे निघाले होते, म्हणून मी तो तेवढ्यापुरता बाजूला ठेवला.

सोमवारी मला पुन्हा तळघरात बोलावण्यात आलं. क्युरेटरचा चेहरा अवघडलेला होता. फाइल तिच्यासमोर उघडीच होती. ती म्हणाली, की एका कागदाविरुद्ध एका माणसाचं मत, असं तिला निर्णय घेता येत नाही. पण आजोबांनी एक परीक्षा सुचवली आहे, तुमची हरकत नसेल तर. मी म्हटलं, माझी हरकत? मी आजवर फक्त परीक्षा घेतल्या आहेत, एक देऊनही बघते.

मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. समोर अग्निशामक नळकांडं आणि ते कसं वापरायचं त्याची चित्रं. माझ्या पाठीमागे टेबलावर बारा ताटल्या. आजोबा एकेक ताटली बोटांवर तोलणार, पेरानं हलकंसं वाजवणार, क्युरेटर मागच्या आकड्यांवरून लिहून घेणार. मी फक्त सांगायचं. ताटलीला हात लावायचा प्रश्नच नव्हता. माझे हात मी पोटाशी घट्ट धरले होते. ह्यात चुकले तर माझं काउंटरसुद्धा जाणार, ह्याची मला पूर्ण कल्पना होती.

पहिली वाजली. स्वच्छ, लांब. ‘‘खणखणीत,’’ मी म्हटलं.

‘‘इंग्रजीत, प्लीज,’’ क्युरेटर म्हणाली.

‘‘चांगली.’’

दुसरी चांगली. तिसरी चांगली. चौथी वाजली आणि माझ्या अंगावर काटा आला. काय तो आवाज! अर्ध्यातच मेलेला. ‘‘बद्द,’’ मी म्हटलं आणि ह्या वेळी क्युरेटरनं ‘बॅड’ म्हटलं नाही. पुढे गेलो. नववीला मी अडखळले. ‘‘पुन्हा वाजवा.’’ त्यांनी वाजवली. ‘‘पुन्हा.’’

‘‘तडा आहे का?’’ क्युरेटरनं विचारलं.

‘‘तडा नाही. पण ही ह्यांच्यातली नाही.’’ मला शब्द सापडेना. ‘‘सावत्र आहे. स्टेपसिस्टर.’’

आजोबा हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही पाठमोरी उभी राहून. क्युरेटरनं काहीतरी लिहिलं. ताटल्या पिसल्या. दुसरी फेरी झाली: बद्द अकराव्या जागी, सावत्र दुसऱ्या. पुन्हा पिसल्या. तिसऱ्या फेरीत आजोबांनी लबाडी केली, बद्द ताटली लागोपाठ दोनदा वाजवली, दुसऱ्यांदा काठाच्या भलत्याच बाजूला. मी म्हटलं, ‘‘ही तीच आहे, आणि आपण शिकवणाऱ्या बाईला फसवायला निघालात.’’

‘‘वळा आता,’’ क्युरेटर म्हणाली. मी वळले. तिच्या कागदावर तीन रांगा होत्या. तिन्ही रांगांत माझं ‘बद्द’ एकाच आकड्याच्या ताटलीवर आलं होतं, आणि सावत्रही तीन वेळा एकाच ताटलीवर. एकही चूक नव्हती.

तिनं अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आणला. त्याच्या बॅटऱ्या मेलेल्या. आजोबा धावत वर गेले आणि स्टाफरूमच्या भिंतीवरच्या घड्याळातल्या काढून आणल्या. दिवे घालवले. निळसर उजेड एकेका ताटलीवर फिरला. काही नाही, काही नाही. आणि मग त्या ताटलीच्या काठापासून थेट मध्यापर्यंत एक पट्टा चकाकून उठला, दोन बोटं रुंद. तडा कधीतरी चिकटवलेला, त्यावर रंग फासलेला, त्यात ती संत्र्याची सालसुद्धा हुबेहूब टोचून काढलेली. करणारा कलाकार होता. तज्ज्ञाचे डोळे त्यानं फसवले होते.

‘‘ओह,’’ क्युरेटर अंधारात म्हणाली.

दिवे लागल्यावर सावत्र ताटली भिंगाखाली धरली. हिच्या नक्षीच्या खाचांत झिलई साचलेली होती, चांदणीची टोकं बुजलेली. मिठाची वाफ अशी साचत नाही. ही ताटली पातळ झिलईत बुडवलेली होती. कुणाच्या तरी हातून फार पूर्वी एक फुटली असणार आणि डझन पुरं करायला कुणीतरी हुशारीनं नक्कल करवून घेतली असणार. जुन्या मालकाच्या काचेच्या कपाटात बाकीच्यांच्या गर्दीत ती खपून गेली असणार.

मला नाचावंसं वाटलं. खरं सांगते, मला अजिबात नम्र वाटत नव्हतं. आतून उकळ्या फुटत होत्या. क्युरेटर माझ्यासमोर आली, सगळ्यांदेखत, आणि म्हणाली की तिची चूक झाली, तिनं माझं म्हणणं तेव्हाच तपासायला हवं होतं. अशा वेळी इथे ‘छे छे, तुमचं काही चुकलं नाही’ म्हणायची पद्धत आहे. मी ती पाळली नाही. मी ‘थँक यू’ म्हटलं आणि ती माफी पूर्ण घेतली. तिनं विचारलं, ‘‘त्या शब्दाचं स्पेलिंग काय?’’ आणि फाइलमधल्या नव्या कागदावर, तडा ह्या शब्दापुढे, बद्द लिहून घेतलं.

आजोबांनी दोन चाप मोडून टाकले. दहा ताटल्या भिंतीवर गेल्या. बद्द आणि सावत्र अशा दोघी एका आडव्या काचपेटीत, मऊ कापडावर, शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांच्या गोष्टीची पाटी मी लिहिली. चार वेळा लिहिली, कारण क्युरेटरला ती लहान हवी होती आणि मला लांब. प्रदर्शन उघडल्यावर लोक भिंतीवरच्या दहांवरून नजर फिरवायचे आणि ह्या दोघींपाशी रेंगाळायचे. नवराही आला होता. बराच वेळ वाकून पाहत होता. म्हणाला, ‘‘पाइपवाल्यांनी काम चांगलं केलंय.’’ मुलगीसुद्धा मैत्रिणीला घेऊन आली आणि मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं सांगत होती, ‘‘माय मम फाउंड दॅट.’’

यादीत माझं नाव पुन्हा आलं, ह्या वेळी शाईनं. पण यादी ही शेवटी भिंतीवरची गोष्ट. ती खरी आहे का, हे मला महिनाभरानं एका शनिवारी कळलं.

हॉलमध्ये गर्दी होती. मी आणि क्युरेटर काचपेटीपाशी उभ्या होतो. एक वयस्कर इंग्रज बाई आत आल्या, छातीशी टॉवेलचं गाठोडं धरून. त्यांनी ते क्युरेटरपुढे सोडलं. आत सॉसची वाटी होती, नावेच्या आकाराची, पांढरी, काठाला जाळीची नक्षी. त्यांच्या आईची. वाटीला काही झालंय का, ती जपून ठेवण्याजोगी आहे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्यांनी ती वाटी उचलून क्युरेटरच्या हातात द्यायला पुढे केली.

क्युरेटरनं आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले.

‘‘मला नको,’’ ती म्हणाली. ‘‘आधी ह्यांच्या हातात द्या.’’

त्या बाई माझ्याकडे वळल्या. माझ्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं. मी ओंजळ पुढे केली आणि त्यांनी आईची वाटी तीत ठेवली.